कोकोस बेट: हॅमरहेडच्या कळपाखाली डायव्हिंग (अनुभव, तयारी आणि चर्चा)

खारावारा

नमस्कार मंडळी. डायव्हिंगच्या जुन्या धाग्यावर कोकोस बेटाचा विषय निघाला तेव्हा सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं. एका प्रतिसादात मावणारा विषय नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कोकोस, स्पॅनिशमध्ये इस्ला देल कोको, हे कोस्टा रिकाचं बेट. मुख्य भूमीपासून नैर्ऋत्येला साधारण ५५० किलोमीटर, भर प्रशांत महासागरात. तिथे धावपट्टी नाही, हॉटेल नाही, गाव नाही. राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक तेवढे वेफर आणि चॅथम या दोन उपसागरांच्या काठी राहतात. पुंतारेनासहून बोट सुटली की ३० ते ३६ तास चहूकडे पाणीच पाणी. पोचल्यावरही मुक्काम बोटीवरच, कारण पर्यटकांना बेटावर रात्र काढायची परवानगी नाही. १९७८ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

इतक्या लांब लोक जातात ते शार्कसाठी. त्यातही हॅमरहेडसाठी, म्हणजे हातोडीसारख्या आडव्या डोक्याच्या शार्कसाठी. जगात हा मासा कळपाने दिसेल अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात आणि कोकोस त्यातली एक आहे.

सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे बाहो अल्सियोन. सागरसंशोधक जाक कूस्तो यांच्या अल्सियोन जहाजावरून तिला हे नाव पडलं. हा समुद्रात बुडालेला डोंगर आहे. त्याचा माथाच पंचवीसेक मीटरच्या खाली लागतो, त्यामुळे वरून काही दिसत नाही. नांगरलेल्या दोराच्या आधाराने खाली जायचं, खडकाला पोट टेकवून एखादी कपार धरायची आणि गप्प पडून राहायचं. प्रवाह जोरात असेल तर हातमोजे घातलेल्या हातांनाही रग लागते. खडकावर काटेरी समुद्री साळू आणि मोरे ईल भरपूर, म्हणून हात कुठे ठेवतोय ते आधी बघायचं.

आधी डोक्यावर नुसता करडा अंधूकपणा असतो. मग त्यात एक सावली हलते, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळं वरचं पाणी हॅमरहेडनी भरून जातं. सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे, शेपट्या अगदी सावकाश हलताहेत. त्यांचं आपल्याकडे लक्ष नसतं. त्यातलीच एखादी मादी रांग सोडून खडकाजवळ येते. वेग कमी करते आणि अंग किंचित एका कुशीवर कलतं करते. तेवढ्यात खडकावरून फिकट पिवळे बार्बरफिश झुंडीने वर उठतात आणि तिच्या कल्ल्यांभोवती, पोटाखाली टोचे मारत परजीवी वेचायला लागतात. कधी काळसर अंगाचे, पिवळ्या शेपटीचे किंग एंजलफिशही त्यात सामील होतात. ती जवळजवळ थांबल्यासारखी तरंगत राहते. डोक्याच्या टोकावरचा डोळा आपल्याला स्पष्ट दिसतो, अंगावरचे जुने ओरखडे दिसतात.

आणि नेमकं त्याच क्षणी शेजारचा कोणीतरी उत्साहात मोठा श्वास सोडतो. बुडबुड्यांचा लोट वर जातो, शेपटीचा एक फटका बसतो आणि ती दिसेनाशी होते. पुष्कळदा तिच्यामागे सगळा कळप फिरतो.

माझं सांगणं एवढंच आहे की हॅमरहेड अतिशय बुजरा प्राणी आहे. तिथे शार्क किती जवळून बघायला मिळणार हे तुमच्या कॅमेऱ्यावर किंवा नशिबावर फार थोडं अवलंबून असतं. श्वास किती संथ आहे, हातपाय किती स्थिर आहेत यावर जवळजवळ सगळं ठरतं. पाठलाग केला की संपलं. आमच्या बोटीवर अनुभवी म्हणवणारे डायव्हर कळप दिसताच त्याच्याकडे पोहत सुटायचे आणि बाकीच्यांचाही डाइव्ह वाया घालवायचे. याचा मला तिथे खरोखर राग यायचा, आजही येतो.

बेटाच्या उत्तरेला मानुएलिता नावाचं छोटं बेटुकलं आहे. तिथल्या उथळ बाजूला रात्री व्हाइटटिप रीफ शार्क शिकार करतात. दिवसा हेच शार्क वाळूवर निपचित पडलेले असतात. रात्री ते डझनांनी खडकावर उतरतात. एखादा मासा कपारीत शिरला की दहा-बारा जण एकदम त्याच फटीत डोकं खुपसतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, कातडी खडकावर खरवडली जाते तरी मागे हटत नाहीत. टॉर्चच्या उजेडात हे बघताना दिवसाचा आणि रात्रीचा शार्क एकच आहे यावर विश्वास बसत नाही. रात्रीचे डाइव्ह चालू आहेत की बंद, हे त्या वेळच्या परिस्थितीवर आणि मार्गदर्शकांवर असतं. हट्ट धरू नका.

डर्टी रॉक, दोस आमिगोस आणि सिल्व्हरटिप शार्कचं सिल्व्हराडो यांबद्दल प्रतिसादांत लिहीन. विचारा, जमेल तसं सांगतो.

दीपमाळ

वाचताना श्वास रोखला गेला. फार सुंदर लिहिलंय.

एक विचारते. माझा नवरा डायव्हिंग करतो आणि कोकोसचं त्याच्या डोक्यात कधीपासून आहे. मी स्वतः पाण्यात उतरत नाही. काही वर्षांपूर्वी तिथे शार्कच्या हल्ल्यात एक बाई गेल्याची बातमी वाचली होती. ते खरं आहे ना? मग हे इतकं शांत, बुजरं चित्र आणि ती बातमी, दोन्ही एकत्र कसं समजून घ्यायचं?

खारावारा

दीपमाळ, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

हो, खरं आहे. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कोकोसला टायगर शार्कने हल्ला केला. एका अमेरिकी डायव्हरचा मृत्यू झाला आणि त्यांचा डायव्हमास्टर, म्हणजे गटाला नेणारा मार्गदर्शक, जखमी झाला. डाइव्ह संपवून वर येत असताना हे घडलं.

हॅमरहेड, व्हाइटटिप, टायगर या सगळ्यांना आपण 'शार्क' म्हणतो, पण त्यांचे स्वभाव फार वेगळे आहेत. टायगर शार्क मोठा, एकटा फिरणारा, कासवांपासून पक्ष्यांपर्यंत मिळेल ते खाणारा. तो दिसला की नियमही बदलतात. गटाने जवळ राहायचं, त्याच्यावरची नजर काढायची नाही, पाठ फिरवायची नाही. मध्यपाण्यात किंवा पृष्ठभागावर उगाच रेंगाळायचं नाही, कारण तिथे आपण सगळ्यात उघडे असतो. मार्गदर्शकाने डाइव्ह संपवायची खूण केली की लगेच संपवायचा. आणि बोट आली की एकेकाने, पण झटपट वर चढायचं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. जगभरात विनाकारण झालेल्या शार्कहल्ल्यांत वर्षाला सरासरी पाच-सहा जण दगावतात, आणि त्यात डायव्हरपेक्षा सर्फिंग आणि पोहणारे जास्त. पण जिचं माणूस गेलं तिला या आकड्याचा काही उपयोग नाही हेही मला कळतं. तुमच्या यजमानांशी बोलताना आकड्यांऐवजी वरचे नियम धरा. ते पाळणारा माणूस असेल तर जाऊ द्या.

उत्तरवारा

लेख आवडला. पण शार्कवर इतकं बोलणं झालं की कोकोसचा खरा धोका मागे पडतोय, तो म्हणजे समुद्र.

मी कोलंबियाच्या मालपेलोला जाऊन आलोय. तेही मुख्य भूमीपासून सुमारे ५०० किलोमीटरवरचं, उघडंबोडकं खडकाळ बेट आणि परिस्थिती साधारण अशीच. तिथे पाण्याखाली एका खडकाच्या कडेपलीकडे हात काढला तर प्रवाह हात ओढून नेत होता. आमच्यातले दोघे गटापासून सुटले आणि बोटीपासून बरेच लांब वर आले. लाटा उंच, त्यात माणसाचं डोकं दिसतच नाही. त्यांच्याकडे नारिंगी मार्कर बॉय (पाण्यावर तरंगणारा खुणेचा फुगा) होता, त्यांनी तो पाण्याखालूनच सोडला म्हणून छोट्या बोटीला सापडले. तो फुगा नसता तर काय झालं असतं याचा विचार त्या रात्री बोटीवर सगळेच करत होते.

त्यामुळे माझी यादी अशी. मोठा मार्कर बॉय आणि रील (त्याच्या दोऱ्याची फिरकी), आणि तो खालून सोडण्याचा सराव. शिट्टी. आरसा. जमल्यास जीपीएस असलेला, पाण्यात चालणारा छोटा रेडिओ. बऱ्याच बोटी देतात, पण तो कसा उघडायचा हे पहिल्याच दिवशी हातात घेऊन बघा.

आणि अनुभव. बोटवाले साधारण अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर प्रमाणपत्र आणि पन्नासेक डाइव्ह मागतात. मला ते कमी वाटतं. आकड्यापेक्षा तुम्ही कुठल्या पाण्यात उतरलात ते महत्त्वाचं. उबदार, स्थिर पाण्यातले शंभर डाइव्ह असले तरी उघड्या समुद्रात छोट्या बोटीवरून मागे उलटी उडी मारून थेट खाली जायची सवय होत नाही.

खारावारा

उत्तरवारा, शब्दन् शब्द पटला. एकाच ठिकाणी थोडा वेगळा विचार. पन्नास डाइव्हवाल्याला सरसकट नाही म्हणू नये. आमच्या बोटीवर एक तरुणी होती, नवखीच म्हणायची, पण प्रवाहातल्या डायव्हिंगचं नीट शिक्षण घेऊन आलेली. मार्गदर्शकाच्या मागे चिकटून राहायची, हवा सगळ्यांत कमी वापरायची. कळप तिच्या डोक्यावरून जितका जवळून गेला तितका कोणाच्याच गेला नाही.

बेटावर इस्पितळ नाही, रिकम्प्रेशन चेंबरही (डायव्हिंगच्या आजारावर उपचार करायची दाबखोली) नाही. काही झालं तर किनारा दीड दिवसावर. डायव्हिंगचा विमा नसेल तर या सहलीचा विचारही करू नका.

चिंतामणी_

छान चर्चा. तांत्रिक शंका. माथाच पंचवीसच्या खाली म्हणजे सगळा वेळ ३० मीटरच्या आसपास जाणार. सिलिंडर पुरतो किती? नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) सक्तीचा आहे का?

खारावारा

सक्तीचा नसतो, पण मी तरी त्याच्याशिवाय तिथे उतरणार नाही.

३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे दर श्वासाला हवाही चौपट जाते. प्रवाहात खडक धरून राहायचं म्हणजे दम लागतो, तो खर्च वेगळा. पण बहुतेकांना हवेच्या आधी वेळेची मर्यादा गाठते. साध्या हवेवर ३० मीटरला विनाथांबा (वर येताना सक्तीचे थांबे न घेता) साधारण २० मिनिटं मिळतात, ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सवर अर्ध्या तासाच्या आसपास. दिवसाला तीन-चार डाइव्ह आणि तेही सलग आठवडाभर असतील तर अंगात साठणाऱ्या नायट्रोजनचा विचार करता हा फरक मोठा आहे.

मात्र याची दुसरी बाजू विसरू नका. ३२ टक्क्यांवर १.४ चा ऑक्सिजन दाब, म्हणजे ज्यापुढे ऑक्सिजनच घातक ठरू शकतो ती मर्यादा, ३४ मीटरच्या अलीकडेच गाठली जाते. अल्सियोनचे उतार त्याच्या बरेच खाली जातात आणि खाली एखादा मोठा शार्क दिसला की माणूस नकळत खोल जातो. मनगटावरच्या संगणकाचा गजर लावून ठेवा आणि वाजला की वर या. आपल्या सिलिंडरमधलं प्रमाण स्वतः मोजून, सही करूनच घ्यायचं.

एक सोय आपसूक होते. परतीचा प्रवासच दीड दिवसाचा, त्यामुळे शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी जे किमान १८ तास थांबायचं असतं, ते समुद्रातच पार पडतात.

जलरेषा

समुद्री जीवशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय. मी कोकोसला गेलेली नाही, पण तिथल्या शार्कवर बरंच वाचलंय. दोन-तीन गोष्टींची भर घालते.

खारावारांनी 'मादी' लिहिलंय ते बरोबर आहे, या कळपांत माद्यांचंच प्रमाण जास्त असतं. पीटर क्लिम्ली यांनी मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात एल बाहो नावाच्या बुडालेल्या डोंगरावर हॅमरहेडवर वर्षानुवर्षं काम केलं. दिवसा हे मासे डोंगराभोवती जमतात, संध्याकाळी पांगून खोल समुद्रात शिकारीला जातात आणि सकाळी पुन्हा त्याच जागी येतात, हे त्यांनी अंगाला खुणेची यंत्रं लावून दाखवलं. अंधारात वाट कशी सापडते, तर डोंगराभोवतीच्या खडकांतले चुंबकीय चढउतार ते ओळखत असावेत अशी मांडणी त्यांनी १९९३ मध्ये केली. दिवसा दिसणारा तो संथ कळप म्हणजे रात्रभर शिकार करून आलेल्यांची विश्रांती आहे. त्यांच्या झोपेत आपण शिरतोय असं समजून वागलं तर खारावारांचे सगळे नियम आपोआप पाळले जातील.

आता काळजीची गोष्ट. त्याच एल बाहोवर पुढे हॅमरहेडचे कळप दिसेनासे झाले.

कोकोसबद्दल एक फार मोलाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याची माहिती डायव्हमास्टरांनी जमवली होती. १९९३ ते २०१३ अशी एकवीस वर्षं, प्रत्येक डाइव्हनंतर काय आणि किती दिसलं याच्या नोंदी. त्यावरून हॅमरहेड ४५ टक्क्यांनी आणि व्हाइटटिप ७७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. टायगर शार्क मात्र आधीपेक्षा जास्त दिसू लागले होते. हा सगळा काळ बेट राष्ट्रीय उद्यान असतानाचाच, म्हणजे कागदावर संरक्षण असताना. २०१९ मध्ये आययूसीएनने (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने) या हॅमरहेडला अतिसंकटग्रस्त ठरवलं.

कारण अवघड नाही. २००१ पासून बेटाभोवती १२ सागरी मैलांत मासेमारीला बंदी आहे, पण शार्कला ती रेघ माहीत नाही. तो रात्री बाहेर जातो आणि तिथे मैलोन्‌मैल लांबीच्या गळांच्या दोऱ्या लागलेल्या असतात. कोकोस ते इक्वाडोरची गॅलापागोस बेटं हे सुमारे ७०० किलोमीटरचं अंतर शार्क आणि कासवं पार करतात. २०१४ मध्ये कोकोसला खूण लावलेलं एक हिरवं कासव १४ दिवसांत गॅलापागोसच्या हद्दीत पोचलं. त्याचं नाव संजय होतं, हे वाचून मला का कोण जाणे फार बरं वाटलं होतं.

शिवाय पिल्लं इथे जन्मत नाहीत. माद्या त्यासाठी मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या उथळ पाण्यात जातात. कोस्टा रिकातलं गोल्फो दुल्से ही अशी एक जागा. म्हणजे वाचवायचं तर बेट, किनारा आणि मधला समुद्र, तिन्ही वाचवायला हवं.

मीनल

जलरेषा, अप्रतिम प्रतिसाद.

मी थोडा विरोधी सूर लावते. इतकं संकटात असलेलं जनावर, त्याच्या विश्रांतीच्या जागी आपण रोज तीन-तीन वेळा बुडबुडे सोडत जातो. डिझेल जाळत दीड दिवस जायचं, दीड दिवस यायचं. माणशी हजारो डॉलर खर्च. हे सगळं 'निसर्गप्रेम' म्हणून खपवलं जातं याचा मला त्रास होतो. शार्क जिवंत ठेवला तर पर्यटनातून एवढे पैसे मिळतात, असले हिशेबही वाचलेत. पैसे मिळाले नाहीत तर मारायला हरकत नाही, असाच त्याचा अर्थ होत नाही का?

खारावारा

मीनलताई, तुमचा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही. खर्चाचं खरंच आहे. दहा-अकरा दिवसांची सहल सहा-सात हजार अमेरिकी डॉलरच्या घरात जाते, उद्यानाचं शुल्क आणि विमानभाडं वेगळं. हे सगळ्यांना परवडणारं नाही आणि सगळ्यांनी जाऊही नये.

पण तिथे राहून एक गोष्ट दिसली. त्या समुद्रात दुसरं कोणी नसतं. वनरक्षक मूठभर, त्यांच्या बोटी थोड्या, राखायचं क्षेत्र अफाट. डायव्हिंगच्या बोटी वर्षभर तिथे असतात म्हणून बेकायदा मासेमारी करणाऱ्यांवर कोणाची तरी नजर राहते. बंदीच्या हद्दीत टाकलेल्या दोऱ्या वनरक्षक ओढून काढतात, त्यावर मेलेले शार्क असतात. त्या दोऱ्यांचे आणि गळांचे ढीग मी किनाऱ्यावर बघितलेत. त्यातल्याच काही तरंगत्या बॉयांपासून वनरक्षकांनी वेफर बेला एक झुलता पूल बांधलाय, त्यावरून चालताना पायाखाली काय आहे हे माहीत असतं.

कोकोसला शार्कना आमिष टाकत नाहीत, हेही नोंदवतो. जिथे बादलीभर मासे ओतून शार्क जमवतात त्या प्रकाराला माझा स्वतःचा विरोध आहे.

जलरेषा

मीनल, पैशाच्या हिशेबाबद्दल तुझ्याशी सहमत. शार्कचं जगणं त्याच्या कमाईवर ठरू नये. तरी सरकारांशी बोलताना तो आकडा उपयोगी पडलाय हे खरं. पलाऊने २००९ मध्ये जगातलं पहिलं शार्क अभयारण्य जाहीर केलं, तेव्हा पर्यटनाचा विचार त्यात होताच. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघ. २०१३ च्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे जगभरात वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारले जातात.

बुडबुड्यांबद्दल मात्र तुझं म्हणणं धरून ठेवण्यासारखं आहे. एका जागेवर एका वेळी किती डायव्हर, याला कडक मर्यादा हवीच.

आणि थोडी चांगली बातमी. डिसेंबर २०२१ मध्ये कोस्टा रिकाने कोकोसच्या उद्यानाचं क्षेत्र सुमारे २,००० चौरस किलोमीटरवरून जवळजवळ ५५,००० पर्यंत वाढवलं. पुढच्याच महिन्यात इक्वाडोरने गॅलापागोसच्या बाजूने ६०,००० चौरस किलोमीटरचं एर्मान्दाद राखीव क्षेत्र जाहीर केलं, ते कोस्टा रिकाच्या हद्दीच्या दिशेने जातं. आधीच्या बारा मैलांच्या तुलनेत हे फार मोठं पाऊल आहे. राखण किती होते यावर पुढचं सगळं आहे.

मीनल

हे माहीत नव्हतं. पुलाचं वाचून थांबले जरा. माझा मूळ आक्षेप कायम आहे, पण बोटी नसत्या तर तिथे बघणारं कोणीच नसतं हा मुद्दा मान्य.

दीपमाळ

बेटाच्या वर काय आहे? माझ्यासारखीने सोबत जायचं तर दिवसभर बोटीवर बसून राहायचं का?

खारावारा

वर घनदाट, कायम भिजलेलं जंगल. वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कड्यांवरून धबधबे थेट समुद्रात कोसळतात. जमिनीचं क्षेत्र जेमतेम २४ चौरस किलोमीटर, पण इथल्याशिवाय कुठेच न सापडणारे पक्षी आहेत. वनरक्षकांच्या परवानगीने आणि सोबतीने पायवाटांवर जाता येतं. चॅथम बेच्या खडकांवर जुन्या जहाजांच्या खलाशांनी कोरलेली नावं आणि सालं आजही वाचता येतात. पेरूतल्या लिमा शहराचा खजिना इथे पुरलाय या दंतकथेपायी ऑगस्ट गिस्लर नावाचा जर्मन माणूस १८८९ पासून जवळजवळ वीस वर्षं इथे राहून खणत होता. हाती जवळपास काहीच लागलं नाही.

पण खरं सांगायचं तर न डायव्हणाऱ्या माणसासाठी ही सहल लांबलचक आहे. एक-दोन दिवस जंगल, बाकी बोट. पुस्तकं आणि समुद्र आवडत असतील तरच या.

सोनसळी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझे अजून तीसच डाइव्ह झालेत, त्यामुळे लगेच जाणार नाहीये, पण तयारी आत्तापासून करायची आहे. कुठला महिना चांगला? पाणी किती थंड असतं? आणि बोट लागते मला, त्याचं काय करावं?

खारावारा

महिन्यांचं असं आहे. साधारण जून ते नोव्हेंबर पावसाळा. समुद्र खवळलेला, दृश्यमानता कमी, पण हॅमरहेडचे मोठे कळप याच काळात दिसण्याची शक्यता जास्त आणि व्हेल शार्कही भेटू शकतो. डिसेंबर ते मे समुद्र तुलनेने शांत, पाणी स्वच्छ. बोट लागते म्हणताय तर पहिल्यांदा कोरड्या महिन्यांत जा. ज्या वर्षी एल निन्यो जोरात असेल त्या वर्षी पुढे ढकला. वरचं पाणी तापलं की हॅमरहेड थंड थराखाली खोल जातात, आपल्या आवाक्याबाहेर.

पाणी वर २६-२८ अंश, पण थर्मोक्लाइनखाली, म्हणजे उबदार आणि थंड पाण्याच्या मधल्या थराखाली, एकदम गार. तो थर डोळ्यांना दिसतो, गरम हवेसारखं पाणी थरथरतं आणि पुढच्या क्षणी चेहऱ्याला चटका बसावा तशी थंडी लागते. ५ मिलिमीटरचा सूट आणि टोपी घ्या. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर अंगातली ऊब टिकत नाही, तेव्हा टोपीचं महत्त्व कळतं.

बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. डायव्हिंग करणार आहे हे आधी सांगा, कारण काही गोळ्यांनी फार गुंगी येते. आणि आधी घरी घेऊन बघा, तिथे पहिल्यांदा नको. खोली मागताना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधल्या भागातली मागा.

उत्तरवारा

सोनसळी, तीस डाइव्हवर हा विचार सुरू केलात हे उत्तम. पुढचे वीस-तीस डाइव्ह प्रवाहाच्या पाण्यात करा. दर डाइव्हला पाच मीटरवरच्या थांब्यात मार्कर बॉय स्वतः सोडा, दुसऱ्याला सोडू देऊ नका. पहिल्या काही वेळा दोरा गुंततो, माणूस फुग्याबरोबर वर ओढला जातो. ते सगळं शांत पाण्यात होऊन जाऊ दे.

सोनसळी

धन्यवाद दोघांनाही. रील कुठली घ्यावी, साधी बोटात धरायची स्पूल की हँडलवाली? आणि दोरा किती मीटर?

उत्तरवारा

स्पूल. त्यात अडकण्यासारखं काही नसतं. ३० मीटर दोरा पुरतो, पण मी कोकोस-मालपेलोसारख्या ठिकाणी ४५ चा नेतो. दुहेरी टोकाची कडी स्टीलची घ्या, स्वस्त पितळी कडीची स्प्रिंग खाऱ्या पाण्यात अडकते.